मॅन्युअल की डीसीटी: हाफ क्लच कुणाच्या पायात?

गाडी बदलायची ठरली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. एकीकडे डीसीटीच्या, म्हणजे ड्युअल क्लच ऑटोमॅटिकच्या, बाजूने बायको आणि माझा डावा गुडघा, दुसरीकडे मॅन्युअलच्या बाजूने मी. हवी होती दीड लिटर टर्बो पेट्रोल. म्हणजे आपण इकडे कौतुकाने जिला स्पोर्ट्स कार म्हणतो आणि पोर्शच्या स्टुटगार्टचा माणूस जे ऐकून हसेल, ती. एवढ्या बजेटमध्ये इंजिनाबद्दल फार वाद होत नाही. सगळी भांडणं गिअरबॉक्सवरून.

त्याच्या आधी एक योग जुळून आला होता. मेहुणा कामासाठी परदेशी गेला आणि त्याची ड्युअल क्लचवाली गाडी पाच महिने माझ्याकडे राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून फिरव, असं तो सांगून गेला होता. बॅटरी उतरली नाही, पण मीटर साडेसहा हजारांनी पुढे गेला. तोवर अकरा वर्षं मी मॅन्युअलच चालवत होतो. तेव्हा पुढे जे लिहितोय त्याला स्टॉपवॉच नाही, आकडेवारी नाही. पाठीला आणि पायांना जे कळलं तेवढंच.

आधी डीसीटीचं कौतुक करतो, कारण ते खरं आहे. पावसाळा संपता संपता ताम्हिणीत घेऊन गेलो. हात स्टिअरिंगवर, बोटं स्टिअरिंगमागच्या पॅडलवर, दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा. गिअर पडताना खेच तुटतच नाही. विषम गिअरांना एक क्लच, सम गिअरांना दुसरा, आणि तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जुळवून ठेवलेला. त्यामुळे एक क्लच सुटतो तोच दुसरा धरतो. खाली उतरवताना गाडी स्वतःच रेस देऊन इंजिनाचा वेग जुळवून घेते. मी हील-अँड-टो, म्हणजे ब्रेक दाबतानाच त्याच पायाने रेस देणं, शिकायला तीन वर्षं घालवली आणि आजही दहातले चार चुकतात. इथे दहाच्या दहा बरोबर. थोडा अपमानच वाटला.

वेगाच्या हिशोबात तर प्रश्नच उरलेला नाही. पोर्शची ९११ जीटी३, २०२१ची, दोन्ही गिअरबॉक्समध्ये मिळत होती. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे शून्य ते शंभर पीडीकेला, म्हणजे पोर्शच्या ड्युअल क्लचला, ३.४ सेकंद, मॅन्युअलला ३.९. अर्धा सेकंद! ट्रॅकवर तो फार मोठा. पण ताम्हिणीत तो वाचवून करणार काय, पुढे माणगावची एसटी असते.

पॅडल सोडून लिव्हर डी-मध्ये, म्हणजे गिअर गाडीनेच बदलायच्या मोडमध्ये, टाकला की मात्र तीच गाडी थोडी कारकुनी होते. मायलेजच्या काळजीने भराभर वर चढते, साठच्या वेगाला सहावा. मग समोरचा ट्रक अचानक बाजू देतो, तुम्ही पाय दाबता, आणि तिला सहाव्यातून चौथा हवा असतो. हे दोन्ही गिअर एकाच क्लचवरचे. पुढचा गिअर जुळवून ठेवण्याची सगळी हुशारी इथे कामाला येत नाही, क्षणभर गाडी विचारात पडते. उतारावरही डी-मध्ये ठेवून निवांत बसलात तर ती वरच्या गिअरात मोकळी धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दोन्हीवर उपाय आहे: घाट लागला की एस (स्पोर्ट) किंवा मॅन्युअल मोड, उतरताना दुसरा धरून ठेवायचा. सवय झाली की तक्रार उरत नाही. मी तरी एवढ्यावरून डीसीटी नाकारली नसती.

ट्रॅफिकबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर मॅन्युअलची बाजू लंगडी आहे. संध्याकाळी सहाला हिंजवडीतून निघून चांदणी चौकात पोहोचेपर्यंत क्लच किती वेळा दाबला ते मोजायला जाऊ नये. गुडघ्याचं दुखणं खोटं नव्हतं. पुण्यात रोज असं दीड तास चालवणार असाल आणि घाट महिन्यातून एकदा, तर इथेच थांबा, डीसीटी घ्या. फक्त चढावर गर्दीत अडकलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाचं माध्यम असतं, इथे तसं नाही. क्लचच घासत राहतो. आपल्याकडच्या लहान गाड्यांत तो अनेकदा कोरडा असतो, तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे लवकर तापतो. बोर घाटात लाँग वीकेंडला अडकलात तर ब्रेकवर थांबायचं, पुढे गाडीभर जागा होऊ द्यायची, मग एकदम सुटायचं. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

घाट, हायवे, ट्रॅफिक एवढं सगळं फिरूनही निकाल लागला तो आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये.

माझी पार्किंगची जागा रॅम्पच्या पायथ्याशी आहे. सकाळी बाहेर पडायचं तर आधी चढावर चार-पाच फूट रिव्हर्स घ्यावा लागतो, मग वळून वर. मागे डावीकडे खांब, उजवीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची ॲक्टिव्हा, आणि बहुधा स्वतः काका, हातात फडकं घेऊन. डीसीटी रिव्हर्समध्ये टाकली, ब्रेक सोडला. चढ आहे म्हणून हिल होल्डने गाडी धरून ठेवली. काही होत नाही. किंचित रेस दिली. काही होत नाही. अजून किंचित. तरीही नाही. आणि मग एकदम क्लच धरतो, गाडी हिसक्याने दीड फूट मागे, सेन्सर किंचाळतो, मी ब्रेकवर उभा, काका फडकं घेऊन खांबाआड. पुन्हा पहिल्यापासून. असं रोज सकाळी, चार फुटांसाठी.

हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि पहिला महिना मी तसं नेलंही. वाटलं, माझाच पाय जड. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं, सॉफ्टवेअर तपासून म्हणाले सगळं नॉर्मल आहे. त्यांचं बहुतेक बरोबरच होतं, कारण मुद्दा बिघाडाचा नव्हताच. मॅन्युअलमध्ये अशा जागी आपण काय करतो? डावा पाय उचलत आणतो, क्लच पकडू लागला की पायाला कळतं, आणि तिथेच, त्या हाफ क्लचवर, गाडी मुंगीच्या पावलाने मागे नेतो. डीसीटीमध्येही हाफ क्लच आहेच, फक्त तो पेडलखाली नसून कॉम्प्युटरकडे आहे. आपल्या हाती उरतो ॲक्सिलरेटर. त्याने आपण नुसता अर्ज करतो की साहेब, थोडंसं मागे जायचंय. अर्ज मंजूर कधी होणार आणि किती फुटांचा, हे साहेब ठरवणार.

एकदा हे डोक्यात बसलं की बाकी ठिकाणीही तेच दिसायला लागतं. सिग्नलला रिक्षामागे रांगताना, मॉलच्या तिकीट खिडकीशी, कोकणात अंगणात गाडी वळवताना. गिअर कोण किती झटकन बदलतं यावर आपण इतकं बोलतो, पण गिअर दिवसात काही शे वेळाच बदलतो. इंचाइंचाने चालणं त्याहून कितीतरी जास्त.

बनवणाऱ्यांचीही या बाबतीत चलबिचल झालेली दिसते. पोर्शने २०१३ची जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली. २०१६ला ९९१ नगांची ९११ आर आली, ती फक्त मॅन्युअल, आणि २०१७च्या जीटी३मध्ये मॅन्युअलचा पर्याय परतला. आपल्याकडे ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ला आली ती डीसीटी आणि आयएमटीमध्ये. आयएमटी म्हणजे गिअर टाकायला लिव्हर आहे, पण क्लचचं पेडल नाही. हाफ क्लच तिथेही कॉम्प्युटरचाच. २०२३ला आयएमटी जाऊन पेडलवाला सहा-स्पीड मॅन्युअल आला. टाटांची गंमत वेगळीच: साध्या अल्ट्रोजला ड्युअल क्लच होता, पण २०२४ला आलेली अल्ट्रोज रेसर फक्त मॅन्युअल. आणि रांजणगावात बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो ज्यांनी ठेवली आहे त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी आलाच नाही, ती होतीच मॅन्युअल. उलट, फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ला भारतात आली ती फक्त डीएसजीमध्ये, म्हणजे त्यांच्या ड्युअल क्लचमध्ये. पैसे जास्त, निवड कमी.

खर्चाचं थोडक्यात. डीसीटीला साधारण लाखभर जास्त मोजावे लागतात. वॉरंटीत असेपर्यंत चिंता नाही, पण गाडी आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्यांनी मेकॅट्रॉनिक्स (गिअरबॉक्स चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि क्लच पॅकच्या किमती आधी विचारून घ्याव्यात. मॅन्युअलचा क्लच महाडच्या गॅरेजातही बसवून मिळतो.

मी मॅन्युअल घेतली. बायको अजून अधूनमधून टोमणा मारते आणि हिंजवडीच्या दिवशी तो मला पटतोही. तुमची पार्किंग सपाट असेल, रोजचा रस्ता तुंबलेला असेल, तर माझं ऐकून मॅन्युअल घेऊ नका, मला शिव्या बसतील. पण टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेईल आणि एकदा पाय दाबून बघा म्हणेल. बघा जरूर. मग त्याला सांगा, आता आमच्या सोसायटीत चल. गार इंजिनावर, चढावर, खांबाजवळ, तीन वेळा रिव्हर्स घ्या. खांब आपला असला की पाय खरं बोलतो.

मेहुणा परत आलाय आणि त्याच्या गाडीवर बेहद्द खूश आहे. त्याच्या इमारतीत पार्किंग जमिनीवर, सपाट. आमच्याकडे येतो तेव्हा मात्र बाहेर रस्त्यावरच लावतो.