एमजीबीचं म्हणून मिनीचं मॅनिफोल्ड गळ्यात मारलं

मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटर इंजिनाच्या हेडला जोडणारा ओतीव नळ्यांचा भाग. त्या एका पार्टपायी ८,००० अ‍ॅडव्हान्स. १४,५०० माल पाठवायच्या आधी. १,१५० पॅकिंग आणि कुरिअर. एकूण २३,६५० रुपये गेले. मिस्त्रीची मजुरी १,८००, ती वेगळीच.

माझ्या मार्क २ अँबॅसडरला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर लावायचे होते. तिचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं, एमजीए आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनांचं सख्खं भावंड. म्हणून त्यांचं जोडकार्बोरेटरचं मॅनिफोल्ड आपल्या अँबॅसडरवाल्यांना हवं असतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. "साहेब, वडिलांचं गॅरेज बंद करतोय. ओरिजिनल एमजीबीचं आहे, एचएस४ चं. उद्या सकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय." (एचएस४ म्हणजे एसयूचं दीड इंची कार्बोरेटर.) पुढचा प्रकार तुम्हाला सांगायला नको.

खोक्यातून निघालं ते ए-सिरीजचं, मिनी-मिजेटच्या छोट्या इंजिनाचं. इनलेटची दोन तोंडं दोन्ही मॅनिफोल्डना असतात, म्हणून फोटोत सहज फरक कळत नाही. हेडवर धरलं की एक तोंड जुळतं आणि दुसरं सरळ हेडच्या बंद धातूवर येतं. घासून, वेल्ड करून ते बसणार नाही. कोणी "करून देतो" म्हणालं तर त्यालाही पैसे देऊ नका.

ते कळायची जागा फोटोतच होती, याचाच संताप होतो. दीड इंची एचएस४ ला चार स्टड, म्हणजे कार्बोरेटर बसवायचे बोल्ट, असतात. फोटोत प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी दोनच होते, म्हणजे सव्वा इंची एचएस२. फोटो मी मोठा करून पाहिला होता. तडा शोधला, वेल्डिंग शोधलं, गंज शोधला. समोरचा माणूस 'एचएस४' असं लिहून देत असताना स्टड कोण मोजतं? हेडकडच्या बाजूचा फोटो मागितला, तर "रेंज नाही, रात्री पाठवतो". रात्री फोटो आला नाही, तरी सकाळी मी पैसे टाकले. गरजवंताला अक्कल नसते म्हणणाऱ्यांनी आधी असा पार्ट शोधून दाखवावा.

हेडकडच्या बाजूचा फोटो नाही तर व्यवहार नाही. आपली जुनी गॅस्केट (हेड आणि मॅनिफोल्डमधलं पॅकिंग) कागदावर गिरवून पाठवा आणि त्या कागदावर मॅनिफोल्ड ठेवून व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा.

चौकीत हवालदार म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." अहो, सांगितली एक आणि दिली दुसरी, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुन्हा गेलो तर साहेब बंदोबस्तावर. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलाय". म्हणजे दरोडेखोराने हात पिरगाळून पैसे काढले तरच तक्रार घ्यायची का? मॅनिफोल्ड म्हणजे काय हे समजावण्यातच माझी अर्धी ताकद गेली, आणि शेवटी "जुन्या गाडीचे शौक" असं ऐकून घ्यावं लागलं. पैसे गेल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, माल यायची वाट पाहू नका. चॅट डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढा.

आणखी एक: योग्य मॅनिफोल्ड मिळालं तरी त्याच्या फ्लँजची (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेची) जाडी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या फ्लँजशी व्हर्नियरने ताडून घ्या. बी-सिरीजला एकच जाड वॉशर दोन्ही दाबतो. इनलेटची पातळ असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग कधीच बसत नाही.

माझ्याकडे आलेला तोच फोटो परवा एकाने मला पाठवला, "घेऊ का" विचारत. आता किंमत १९,०००. मागे सिमेंटच्या ओट्यावर निळी बादली आणि तुटका स्टूल दिसेल. तो फोटो आला तर एक रुपयाही पाठवू नका.