फुकट ते पौष्टिक, पण कोड विचारून : अमेरिकेतल्या ‘प्रिव्हेंटिव्ह’चे अकरा महिने

जानेवारी २०२५ मध्ये नोकरी बदलली आणि नव्या कंपनीचा आरोग्य विम्याचा हाय डिडक्टिबल प्लॅन घेतला. चौघांचे मिळून चार हजार डॉलर खिशातून गेल्याशिवाय विम्याकडून दमडी सुटत नाही, असा; खिशातली ही रक्कम म्हणजेच डिडक्टिबल. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मित्रांनी वेड्यात काढलं. माझा हिशेब सरळ होता : आम्ही फारसे आजारी पडत नाही, आणि प्रिव्हेंटिव्ह, म्हणजे प्रतिबंधक, तपासण्या नि लसी कायद्यानेच फुकट आहेत. तो हिशेब कुठे बसला आणि कुठे फसला, ते लिहितोय.

कायदा म्हणजे २०१० चा अफोर्डेबल केअर ॲक्ट, बोलीभाषेत ओबामाकेअर. प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स नावाच्या तज्ज्ञ मंडळाने ज्या तपासणीला ‘ए’ किंवा ‘बी’ ग्रेड दिली, लसींच्या सल्लागार समितीने ज्या लसी सुचवल्या, आणि मुलांच्या व बायकांच्या तपासण्यांच्या ज्या वेगळ्या याद्या आहेत, त्यांवर डिडक्टिबल नाही, कोपे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम) नाही, काही नाही. अट एवढीच की डॉक्टर नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला, हवा. २०१० च्या आधीपासून फारसे न बदलता चालत आलेले ‘ग्रँडफादर्ड’ प्लॅन यातून सुटतात. पुण्यात बाबा प्राप्तिकराच्या ८०डी मध्ये चेकअपचे पाच हजार दाखवतात, त्यांना हे समजावताना नाकी नऊ आले. इथे वजावट वगैरे नाही, बाबा, बिलच येत नाही.

येत नाही म्हणजे, यायला नको.

मुलांच्या वार्षिक तपासण्या, त्यांच्या लसी, सगळ्यांचे फ्लू शॉट, बायकोची पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) : सगळं शून्य डॉलर, एकही फोन न करता. एवढ्यावर थांबलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते.

मार्चमध्ये माझं ॲन्युअल फिजिकल होतं. डॉक्टरबाईंनी शेवटी विचारलं, आणखी काही? आता गेलोच आहोत तर सगळं विचारून घ्यावं, हा आपला स्वभाव. जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणालो. त्यांनी दोन मिनिटं गुडघा वाकवून पाहिला. शिवाय मीच म्हटलं, व्हिटॅमिन डी पण बघा ना. तीन आठवड्यांनी ईओबी, म्हणजे कशाचे किती पैसे कोणी द्यायचे हे सांगणारं विमा कंपनीचं पत्रक, आलं. फिजिकल शून्य, कोलेस्टेरॉल शून्य, साखर शून्य (पस्तिशी ओलांडलेल्या आणि वजन जास्त असलेल्यांसाठी ती यादीत आहे, आणि माझं वजन आहे). पण गुडघ्याची वेगळी ‘ऑफिस व्हिजिट’, १४२ डॉलर. व्हिटॅमिन डी, ९६ डॉलर. भांडायला गेलो तर कळलं की दोन्ही नियमात बसतात. तक्रार सांगितली की ती प्रतिबंधक तपासणी राहत नाही, आणि लक्षणं नसलेल्यांनी व्हिटॅमिन डी तपासण्याबद्दल टास्क फोर्स म्हणतं की पुरेसा पुरावाच नाही, म्हणजे ग्रेड ‘आय’. आपल्याकडे डी आणि बी-ट्वेल्व्ह हा लग्नाच्या पंगतीतलाही विषय. इथे तो ९६ डॉलरचा.

खरी लढाई पुढे. मी ४६ चा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी २०२१ पासून पन्नासऐवजी ४५ ला सुरू होते. फिजिकलच्या वेळीच डॉक्टरबाईंनी घरी करायचं शौच तपासणीचं किट दिलं होतं. ते पॉझिटिव्ह आलं, म्हणून मे महिन्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीतून आतडं आतून बघणं. एक छोटा पॉलिप (आतड्याच्या आतली गाठ) निघाला, काढला, तो साधा होता. घरी सगळ्यांनी हुश्श केलं. जूनमध्ये ईओबी. वर ठळक अक्षरात ‘हे बिल नाही’, आणि सर्वांत खाली उजव्या चौकटीत : तुमची जबाबदारी, १,८७० डॉलर.

विमा कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली, “सर, किट स्क्रीनिंग होतं. ते पॉझिटिव्ह आल्यावरची कोलोनोस्कोपी डायग्नोस्टिक.” डायग्नोस्टिक म्हणजे रोग शोधायला केलेली, म्हणून फुकट नाही. नेमकं हेच चालत नाही. ३१ मे २०२२ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या प्लॅन वर्षांसाठी केंद्राच्या तीन खात्यांनी स्पष्ट लिहिलंय की किटनंतरची कोलोनोस्कोपी हा त्याच स्क्रीनिंगचा भाग, तीही फुकट. ओघात काढलेला पॉलिप, भूल, पॅथॉलॉजी, सगळं त्यातच. आमचा प्लॅन सेल्फ-फंडेड, म्हणजे क्लेमचे पैसे कंपनीच स्वतः भरते, त्याला राज्याचे विमा कायदे लागत नाहीत, पण हा केंद्राचा आहे, लागतो.

हॉस्पिटलच्या बिलिंगने तिसऱ्या फोनला क्लेम उघडून वाचून दाखवला. पहिला डायग्नोसिस कोड शौचातल्या रक्ताचा, आणि प्रोसीजरपुढे मॉडिफायर ३३ नाही. हे दोन आकडे म्हणजे ‘ही प्रतिबंधक सेवा आहे’ अशी खूण. ती राहिली की विमा कंपनीचा संगणक सरळ डिडक्टिबलकडे ढकलतो. कोणी लबाडी केली नव्हती, कोणीतरी दोन आकडे टाकायला विसरलं होतं. दुरुस्त क्लेम पाठवायला लावला, वर १८० दिवसांच्या मुदतीतलं लेखी अपीलही ठोकून दिलं. सात आठवड्यांनी शून्य. मग पॅथॉलॉजी लॅबचं स्वतंत्र १६४ डॉलरचं बिल आलं आणि तीच आरती पुन्हा पहिल्यापासून.

माझी फाइल अशी लोंबकळत असतानाच, २७ जूनला, सुप्रीम कोर्टाचा ब्रेडवुड खटल्याचा निकाल आला. टेक्सासमधल्या काही मालकांनी टास्क फोर्सच्या नेमणुकाच घटनाबाह्य आहेत असा दावा केला होता. सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला गेला. म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’ शाबूत. कारण मात्र विचारात पाडणारं : मंडळावर आरोग्यमंत्र्यांचा ताबा आहे, म्हणून नेमणुका वैध. ताबा आहे म्हणजे सदस्य बदलताही येतात. त्या रात्री बायकोला म्हटलं, तुझा मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) पुढे ढकलू नकोस.

तिने ऑक्टोबरात केला. चाळिशीपासून तो यादीत आहे, शून्य डॉलर. पण टिश्यू दाट म्हणून परत बोलावून अल्ट्रासाऊंड केलं. रिपोर्ट नॉर्मल, ३१० डॉलर. मी बाह्या सरसावून बसलो, पण या वेळी नियमच माझ्या बाजूला नव्हता. स्क्रीनिंग पूर्ण करायला लागणारी ही जादा इमेजिंग फुकट, पण २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या प्लॅन वर्षांपासून. आमचं वर्ष एक जानेवारीला सुरू होतं.

“म्हणजे अडीच महिने कळ काढली असती तर?” बायको म्हणाली.

“अडीच महिने तू झोपली असतीस का?”

३१० डॉलर एचएसएमधून, म्हणजे औषधपाण्यासाठीच्या करमुक्त बचत खात्यातून, भरले.