वेस्टर्न इलेक्ट्रिक मॉडेल ५००: जुना गोल डायलचा फोन, आणि हो, घ्याच

न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमध्ये ४० डॉलरला मिळाला. काळा, तळाला १९५७ चा शिक्का. पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन घरांच्या फोटोत जो फोन दिसतो ना तोच हा, डिझाइन हेन्री ड्रेफस या औद्योगिक डिझायनरचं.

चांगला जड आहे त्यामुळे डायल फिरवताना टेबलावरून सरकत नाही, आणि रिसीव्हरची पाठ सपाट असल्याने खांद्यावर धरून भांडी विसळत बोललं तरी घरंगळत नाही.

डायल मात्र जवळून बघण्यासारखा आहे. आकडे भोकांच्या आत नाहीत, बाहेरच्या कड्यावर आहेत, म्हणजे चकती फिरतानाही दिसतात. पण तसं केल्यावर लोक उलट हळू डायल करायला लागले, बोट नेमकं कुठे न्यायचं ते डोळ्याला कळेना, मग बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या जॉन कार्लिनने भोकांच्या मधोमध पांढरे ठिपके टाकायला सांगितले आणि काम झालं. चकती परत येताना जेवढा आकडा तेवढे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, लाइनवर जातात, शून्याला १०. म्हणून तर १९४७ मध्ये एरिया कोड (नंबराआधी फिरवायचे त्या भागाचे तीन आकडे) वाटले तेव्हा न्यूयॉर्कला २१२, शिकागोला ३१२ असे पटकन फिरणारे कोड दिले. आता अलास्काचा ९०७ फिरवून बघा, कंटाळा येतो.

एवढा मजबूत का? कारण तो गिऱ्हाइकाचा नव्हताच! बेल सिस्टमची मालमत्ता, विक्रीसाठी नाही, असं त्यावर चक्क लिहिलेलं असायचं. बेल सिस्टम म्हणजे एटी अँड टी कंपनीचं टेलिफोनचं जाळं, वेस्टर्न इलेक्ट्रिकही त्यातलीच. दर महिन्याला भाडं भरायचं, बिघडला तर कंपनीचा माणूस येणार, मग तो न बिघडणं कंपनीच्याच फायद्याचं. आणि दुसऱ्या कुणाचं काही लाइनला जोडायचं नाही. बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरवर बसवायचा हश-अ-फोन नावाचा साधा कप, त्यालाही एटी अँड टीची हरकत, ती १९५६ मध्ये कोर्टात टिकली नाही. १९६८ च्या कार्टरफोन (रेडिओ टेलिफोनला जोडणारं बाहेरचं यंत्र) निकालानंतर बाहेरची यंत्रं जोडायची वाट मोकळी झाली आणि १ जानेवारी १९८४ ला बेल सिस्टमचेच तुकडे झाले. मक्तेदारी मोडली ते बरंच झालं असं माझं ठाम मत आहे, पण नंतरचे स्वस्त फोन याच्यापुढे खेळण्यासारखे वाटतात हेही तितकंच खरं.

घेणाऱ्यांसाठी: बेल वाजत नसेल तर लगेच खराब समजू नका, बरेच सेट पार्टी लाइनसाठी, म्हणजे अनेक घरांच्या सामायिक लाइनसाठी जोडलेले असतात, आतली पिवळी वायर हलवली की माझा खणखणायला लागला. इंटरनेटवरच्या लाइनला आलेला फोन घेता येतो पण बऱ्याच अॅडॉप्टरना पल्स कळत नाहीत, पल्सचे बटणांच्या फोनसारखे टोन करणारा कन्व्हर्टर लागतो. बँकेचं एक दाबा, दोन दाबा कन्व्हर्टरशिवाय विसरा. रंगीत सेट घेताना रंग उजेडात तपासा, जुन्यांचे बरेचदा फिके पडलेले असतात.