इंडिकेटर दोन घ्या, एक जोडीदाराच्या हातात द्या

बेसबॉल अंपायरसाठीचा चार चाकांचा प्लास्टिकचा इंडिकेटर (खेळातले आकडे मोजायची हातातली डबी) मी ऑनलाइन मागवला आणि गेला अख्खा हंगाम वापरला. मागवतानाच दोन मागवले. एक माझा, दुसरा त्या दिवशी माझ्यासोबत बेसवर उभा राहील त्याचा. वस्तू लहान, किंमत एका नगाला पाचशेच्या आत. पण गोव्यात शालेय बेसबॉल-सॉफ्टबॉलचे सामने घेणाऱ्या माझ्यासारख्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना तिच्याबद्दल मराठीत काही वाचायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तळहातात मावणारी ही चपटी डबी. तिला चार चाकं: बॉल, स्ट्राइक, आऊट आणि इनिंग. चार बॉल (बॅटरने न मारलेले, ठरलेल्या पट्ट्याबाहेरून गेलेले चेंडू) झाले की बॅटर पहिल्या बेसवर चालत जातो, तीन स्ट्राइक (पट्ट्यातून गेलेले किंवा मारायला जाऊन हुकलेले चेंडू) झाले की आऊट, आणि तीन आऊट झाले की बॅटिंग दुसऱ्या संघाकडे. इंडिकेटर डाव्या हातात धरायचा आणि अंगठ्याने चाक सरकवायचं. उजवा हात खुणांसाठी मोकळा ठेवायचा. क्रिकेटचे अंपायर सहा खडे या खिशातून त्या खिशात टाकतात आणि त्यांचं भागतं. इथे तीन आकडे एकाच वेळी चालू असतात, शिवाय फाउलचं, म्हणजे बाजूच्या रेषांबाहेर गेलेल्या फटक्याचं, गणित वेगळं. पहिले दोन फाउल स्ट्राइक म्हणून धरले जातात, पण दोन स्ट्राइकनंतर मारलेला साधा फाउल मोजायचा नसतो. बॅटर चिवट असेल तर तो फाउलवर फाउल मारत राहतो आणि मधेच कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) विचारतो, ‘टीचर, काउंट किती?’ तेव्हा हातात पक्का आकडा हवा.

होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर आणि कॅचरच्या मागे, उभ्या असलेल्या अंपायरला इंडिकेटर लागतो हे सगळ्यांना पटतं. बेसवरच्या अंपायरला तो कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. या परीक्षणाचं खरं कारण तेच आहे.

आमच्याकडे शाळांच्या सामन्यांना दोनच अंपायर मिळतात आणि त्यातला एक बहुतेक वेळा नवखा असतो. कॉलेजातला मुलगा, शाळेत असताना खेळलेला, खेळ नीट कळणारा, पण अंपायर म्हणून कधी उभा न राहिलेला. खेळाडू असताना त्याला चेंडूकडे बघायची सवय लागलेली असते. पहिल्या बेसवरचा आऊट (रनर पोचण्याआधी चेंडू तिथे आला तर मिळणारा) देताना मात्र नजर बेसवर ठेवायची असते. रनरचा पाय बघायचा आणि चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज कानाने ऐकायचा, कारण दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांनी बघता येत नाहीत. हे बोलून समजतं, पण अंगात यायला वेळ लागतो. तोवर त्या मुलाला मैदानावर एकटं वाटू नये, ही जबाबदारी मी माझी मानते. मागच्या काही वर्षांत आलेली बरीच चांगली मुलं एखाद-दुसऱ्या सामन्यानंतर परत आली नाहीत. पालकांचा आरडाओरडा हे एक कारण. दुसरं असं की जोडीदाराने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

सामन्याआधी झाडाच्या सावलीत उभं राहून मी नव्या मुलाशी दहा मिनिटं बोलते. पूर्वी मी सगळंच सांगायचे: आउटफिल्डला चेंडू गेला तर कोण धावणार, पहिल्या बेसवरचा रनर तिसऱ्याकडे निघाला तर मी कशी जाणार, अर्धवट स्विंगवर मी विचारलं तर काय उत्तर द्यायचं. ऐकताना मुलं मान डोलावतात आणि पहिल्या चेंडूला सगळं विसरतात. आता मी तीनच गोष्टी सांगते. प्रत्येक आऊटनंतर माझ्याकडे बघ. प्रत्येक नव्या बॅटरआधी माझ्याकडे बघ. आणि चेंडू ग्लव्हमध्ये पक्का बसल्याशिवाय तोंड उघडू नकोस. मग इंडिकेटर त्याच्या हातात देते आणि म्हणते, ‘आऊटचं चाक तुझं. बाकी चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये.’

आऊटच्या आकड्यावर एवढा जोर देते, कारण बेसबॉलचे किती नियम त्या आकड्याला बांधलेले आहेत ते बघा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर असतील (किंवा तिन्ही बेस भरलेले असतील) आणि आऊट दोनपेक्षा कमी असतील, तर इनफिल्डमध्ये सहज झेलता येईल असा उंच उडालेला चेंडू म्हणजे इनफिल्ड फ्लाय, आणि झेल सुटला तरी बॅटर आऊट. दोन आऊट असतील तर हा नियम लागूच होत नाही. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला तर बॅटरला पळता येतं, पण केव्हा? पहिला बेस रिकामा असेल तेव्हा, किंवा दोन आऊट झालेले असतील तेव्हा. दोन आऊट असताना तिसरा आऊट फोर्सचा (मागून येणाऱ्यामुळे बेस सोडावाच लागलेल्या रनरचा) नसेल आणि बॅटर पहिल्या बेसला पोचलेला असेल, तर होम प्लेटवर आलेली धाव आऊटच्या आधी आली की नंतर, हे प्लेट अंपायरला क्षणात ठरवावं लागतं. बॉल-स्ट्राइकमध्ये गोंधळ झाला तर स्कोअररकडून दुरुस्त करून घेता येतो. आऊटचा आकडा दोन अंपायरांच्या डोक्यात वेगवेगळा असताना चेंडू खेळात आला, तर तो गुंता सुटता सुटत नाही.

गेल्या हंगामात डिचोलीच्या बाजूला एका सामन्यात हेच होता होता राहिलं. माझा जोडीदार पहिल्यांदाच उभा होता. एक आऊट झालेला, दुसऱ्या बेसवर रनर. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडे) मारलं, थ्रो पहिल्या बेसवर आला आणि माझ्या जोडीदाराने घाईने ‘आऊट!’ म्हणून मूठ वर केली. तेवढ्यात चेंडू फर्स्ट बेसमनच्या ग्लव्हमधून खाली पडला. त्याने लगेच दोन्ही हात पसरले, ‘सेफ, सेफ!’ सुधारला, हे फार चांगलं झालं. पण मूठ वर करतानाच अंगठ्याने चाक पुढे सरकवलं होतं आणि ते तसंच राहिलं. बाहेरून पालक ओरडत होते, ‘पळय मरे अंपायर!’ (कोंकणीत, ‘बघ की रे अंपायर!’) त्या गोंधळात तो माझ्याकडे बघायला मात्र विसरला नाही. मी छातीपाशी एक बोट दाखवलं. त्याने हातात पाहिलं, तिथे दोन. चाक एक घर मागे घेतलं आणि मला एक बोट दाखवलं. आता पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, आऊट एक. मी मास्कच्या वरच्या कडेला बोटं लावली, ही आमची इनफिल्ड फ्लायची खूण. त्यानेही टोपीला बोटं लावली.

पिचरच्या पुढच्याच फेकीवर चेंडू सेकंड बेसमनच्या डोक्यावर उंच उडाला. मी वर बोट करून ‘इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट!’ पुकारलं आणि मागोमाग त्याचाही खणखणीत आवाज आला. झेल सुटला. रनर आपापल्या बेसवर थांबले होते, म्हणून पुढे काहीच झालं नाही. हा नियम नसता तर बचावणाऱ्या संघाने चेंडू मुद्दाम पाडून दोन रनर फुकट बाद केले असते. त्या मुलाच्या चाकावर दोनच राहिले असते, तर त्याने हा चेंडू साधा समजून रनरना पळू दिलं असतं आणि मी एक बोलतेय, तो दुसरंच, असं दृश्य चौदा वर्षांच्या मुलांसमोर झालं असतं.

म्हणून या वस्तूच्या गुणांत मी पहिला गुण लिहीन तो हा: चाक दोन्ही दिशांना फिरतं आणि प्रत्येक घराला अंगठ्याला टक् असं जाणवतं. दुसरा गुण, आकडे मोठे आहेत, उन्हातही दिसतात. तिसरा, बॉलचं चाक ३ पर्यंत, स्ट्राइक आणि आऊटची चाकं २ पर्यंतच आहेत. तिसरा आऊट झाला की पुढचं घर शून्यच. ४-३-३ पर्यंत जाणारी मॉडेलंही मिळतात, पण नवख्याला ३-२-२ वालं बरं, कारण इनिंग संपताना त्याचं लक्ष हातातल्या डबीकडे न जाता मैदानावर राहतं.

आता दोष. शून्याची खाच फारच उथळ आहे. न बघता, नुसत्या अंगठ्याने शून्य कळायला हवं आणि ते या डबीत कळत नाही. त्यामुळे नवा मुलगा पिचर सुरू करत असतानाही खाली हाताकडे बघत राहतो. बेस अंपायरने नेमकं हेच करायचं नसतं. त्या क्षणी रनर बेस सोडतो, पिचर पिकऑफ टाकतो (बेस सोडलेल्या रनरला बाद करायला बेसकडे चेंडू फेकतो), बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल) होऊ शकतो. मी तिन्ही चाकांच्या शून्यावर नेलपॉलिशचा जाड थेंब दिला, वाळल्यावर आणखी एक थर दिला. आता बोटाला बरोबर लागतं. उत्पादकाने हे स्वतः करायला हवं होतं.

आपल्या हवेचंही सांगते. पावसाळा संपता संपता सामने सुरू होतात, ऑक्टोबरचं ऊन आणि दमट हवा, हात घामाने ओले. गुळगुळीत प्लास्टिक हातातून सटकतं. एका बाजूला खरखरीत कापडी चिकटपट्टी लावली की प्रश्न मिटतो. आपली तांबडी माती बारीक असते, ती चाकांच्या फटीत जाते आणि दोन-चार सामन्यांनंतर टक् आवाज बंद होतो. जुन्या टूथब्रशने कोरडंच साफ करायचं, पाणी लावलं की चिखल आत जाऊन बसतो. स्टीलचा इंडिकेटरही मी आधी वापरला आहे. हातात वजनदार आणि छान वाटतो, पण समुद्राजवळच्या मैदानांवर त्याचे स्क्रू गंजले. आपल्याकडे प्लास्टिकच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

या डबीकडून काय मिळणार नाही, तेही लिहिते. घाईने दिलेला निर्णय ती थांबवत नाही, आणि प्रशिक्षक अंगावर धावून आला की उपयोगाची नाही. त्याच सामन्यात एक प्रशिक्षक जोडीदाराला टाळून थेट माझ्याकडे आले, ‘टीचर, तुम्हाला दिसलं ना? तुम्ही सांगा.’ अधिकृत नियमांत ८.०२ (क) अगदी स्पष्ट आहे: निर्णय देणाऱ्या अंपायरने स्वतः विचारल्याशिवाय दुसऱ्या अंपायरने त्यावर टीका करायची नाही, तो बदलायला बघायचं नाही, मधे पडायचं नाही. मी मास्क काढला आणि म्हटलं, ‘सर, निर्णय त्यांचा आहे. विचारायचं असेल तर त्यांना विचारा.’ ते गेले, शांतपणे विचारलं. मुलाने सांगितलं, ‘सर, पाय आधी लागला, आवाज नंतर आला.’ एवढ्यावर विषय संपला. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. चूक असता तरी मी हेच उत्तर दिलं असतं आणि इनिंग संपल्यावर बाजूला घेऊन बोलले असते. वीस वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत खाली बघायला लावणारा सीनियर अंपायर मला मान्य नाही, मग तो नियमांत कितीही तयार असो.

कुठे मिळेल? म्हापसा आणि फोंड्यात मी ज्या दुकानांत विचारलं तिथे नव्हता. क्रिकेटचा काउंटर दाखवतात, तो घेऊ नका. तो षटकं आणि चेंडू मोजायला बनवलेला असतो, त्यात स्ट्राइक-आऊटची चाकं नसतात. ऑनलाइन ‘बेसबॉल अंपायर इंडिकेटर’ असं शोधा आणि फोटोत चाकं मोजून घ्या. तीन चाकांचाही चालेल, इनिंग स्कोअरर सांगतो. दोन वेगळ्या ठिकाणांहून घेत असाल तर चाकांचा क्रम जुळतो का ते बघा. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये २००९ पर्यंत स्ट्राइक आधी आणि बॉल नंतर मोजायची पद्धत होती, त्यामुळे जुन्या जपानी घडणीच्या डबीवर क्रम उलटा असू शकतो. दोन अंपायरांच्या हातात दोन वेगळे क्रम नकोत.

सोबत आलेली मनगटाची दोरी मी काढून टाकली. लोंबकळते आणि मास्क काढताना पट्ट्यात अडकते. शाळेच्या क्रीडा साहित्याच्या खर्चात दोन इंडिकेटर आणि एक प्लेट ब्रश (होम प्लेट झाडायचा) सहज बसतात. मुख्याध्यापकांकडे मागणी लिहिताना ‘नग २’ असंच लिहा.