टास्क अपडेट करणारे एक टूल आणि त्याचे अपुरे दस्तऐवज

कामांची नोंद ठेवणाऱ्या एका सेवेने एआय एजंटसाठी, म्हणजे सांगितलेले काम स्वतः टूल वापरून करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, टास्क अपडेट करण्याचे स्वतंत्र टूल दिले आहे. काही आठवडे ते वापरल्यावर लिहिलेले हे परीक्षण टूलपेक्षा त्याच्या दस्तऐवजाचे अधिक आहे. माणसाला स्क्रीनवर बटणे दिसतात आणि अडल्यास तो सहकाऱ्याला विचारू शकतो; एजंटपुढे मात्र टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा एवढेच असते. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला बाहेरची टूल जोडण्याच्या नियमावलीत, टूलची ओळख मुख्यतः याच गोष्टींवरून होते आणि हे टूलही त्याच प्रोटोकॉलने जोडले जाते. त्यामुळे दस्तऐवजात जे लिहिलेले नाही, ते एजंट अंदाजाने भरून काढतो.

सुरुवात उत्तम आहे. हे टूल केव्हा वापरू नये, हे वर्णनाच्या पहिल्या दोन वाक्यांतच सांगितले आहे: नवे टास्क तयार करण्यासाठी नाही, आणि टास्कचा क्रमांक ठाऊक नसेल तर आधी शोधाचे टूल वापरावे. स्टेटससाठी चालणारे शब्द नेमके दिले आहेत आणि पूर्ण झालेले टास्क पुन्हा उघडल्याशिवाय ‘सुरू’ या स्थितीत नेता येत नाही, हेही नमूद आहे. मुदत आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनेच (वर्ष-महिना-दिवस) द्यायची आहे, म्हणजे ‘शुक्रवारपर्यंत’ असे लिहून भागत नाही. नुसती तारीख दिली तर ती कोणत्या टाइमझोनची धरली जाईल, हे मात्र सांगायचे राहिले आहे.

खरी कसोटी अर्धवट अपडेटची असते. न पाठवलेले फील्ड (माहितीचा रकाना) जसेच्या तसे राहते आणि ‘नल’ (म्हणजे ‘काहीच नाही’) पाठवल्यास ते रिकामे होते, हा भेद येथे उदाहरणे देऊन स्पष्ट केला आहे. २०१४ च्या आरएफसी ७३९६ या इंटरनेट मानकातील जेसन मर्ज पॅचचा, म्हणजे माहितीतील फक्त बदल पाठवण्याच्या पद्धतीचा, हाच नियम आहे. परंतु त्याच नियमाचा दुसरा भाग असा की यादी पाठवली तर जुनी यादी पूर्णपणे पुसून तिच्या जागी नवी बसते, आणि त्याबद्दल दस्तऐवजात अवाक्षर नाही. एका टास्कला ‘तातडीचे’ हे लेबल जोडण्यास मी एजंटला सांगितले. त्याने तेवढे एकच लेबल पाठवले, आधीची तीन लेबले नाहीशी झाली, सेवेने यशाचा संदेश दिला आणि एजंटनेही काम झाल्याचे कळवले. यात एजंटला दोष देता येत नाही, कारण हेच दस्तऐवज वाचून मीही तेच केले असते.

आता आधी टास्क वाचावे आणि मग जुन्या लेबलांसह पूर्ण यादी पाठवावी, अशी सूचना मी माझ्याकडून जोडली आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी सेवेला करायची एक विनंती (कॉल) वाढते. शिवाय वाचणे आणि लिहिणे यांच्या दरम्यान कोणी लेबल बदलले, तर तो बदल हरवतो. हे टाळण्यासाठी आवृत्ती क्रमांकाचे (टास्क बदलले की बदलणाऱ्या क्रमांकाचे) फील्ड आहे, पण त्यापुढे ‘ऐच्छिक’ एवढाच शब्द लिहिला आहे. जुना क्रमांक पाठवल्यास विनंती ४०९ या, बदलांचा संघर्ष दर्शवणाऱ्या, कोडने नाकारली जाते, हे मला स्वतः करून पाहिल्यावर समजले. एवढी उपयोगी सोय इतकी अबोल का ठेवली असावी, याचे आश्चर्य वाटते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलवर ‘पुन्हा चालवले तरी परिणाम तोच’ अशी खूण करता येते आणि ती येथे केलेली आहे. स्टेटसच्या बाबतीत ती खरी आहे. मात्र याच टूलमधून टिप्पणीही जोडता येते आणि ती प्रत्येक वेळी नव्याने नोंदली जाते. उत्तर यायला उशीर झाला तेव्हा एजंटने खुणेवर विसंबून तीच विनंती आणखी दोनदा पाठवली आणि एकाच मजकुराच्या तीन टिप्पण्या टास्कखाली जमा झाल्या. अशा खुणा केवळ सूचक असतात, हे प्रोटोकॉलच सांगतो. तरीही चुकीची खूण करण्यापेक्षा ती न केलेली बरी. टिप्पणीसाठी वेगळे टूल ठेवले असते, तर हा प्रश्नच आला नसता.

त्रुटींचे संदेश बहुतांशी चांगले आहेत. चुकीचे स्टेटस दिल्यास चालणारे पर्याय संदेशातच येतात आणि एजंट दुसऱ्या प्रयत्नात स्वतःला सुधारतो. तारीख चुकली की मात्र ‘अवैध विनंती’ एवढेच उत्तर मिळते.

स्टेटस, मुदत किंवा जबाबदार व्यक्ती यांपैकी एखादी गोष्ट बदलायची असेल, तर हे टूल मी निःशंकपणे वापरतो. अनेकांच्या सामायिक बोर्डावर लेबले बदलण्याचे काम मात्र तूर्त एजंटकडे दिलेले नाही. दोन्ही त्रुटी मी सेवेला कळवल्या. टिप्पणीबाबतची खूण काढली गेली, लेबलांविषयीचे वाक्य अद्याप आलेले नाही.