दार दिवसभर उघडे ठेवावे की भेटीची वेळ ठरवावी?

नाशिकमधील अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वीस-पंचवीस माणसांचा कारखाना चालवणाऱ्या मालकाने वेळेच्या नियोजनाचा विषय काढला, की बहुतेक जण त्याला डायरी, मोबाइलमधील कॅलेंडर आणि पहाटे उठण्याचे फायदे सांगतात. हे सगळे आपल्यापैकी बहुतेकांनी करून पाहिलेले असते, म्हणून मी येथे त्यात शिरत नाही. त्याच्याही आधी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो न घेताच आपण वर्षे काढतो. कामगार, ग्राहक, पुरवठादार आणि फोन या सर्वांसाठी आपण दिवसभर उपलब्ध राहायचे, की भेटीगाठींसाठी ठरावीक तास ठेवून उरलेला काही वेळ केबिनचे दार लावून कामाला द्यायचा? मी टर्निंगचे, म्हणजे लेथवर कातून काढलेले, सुटे भाग बनवतो. दोन्ही पद्धतींनी मी पुरेसा काळ कारखाना चालवला आहे, आणि सध्या या निर्णयापाशी उभे असलेल्यांसाठी दोन्हींचे बरेवाईट येथे मांडत आहे.

उघड्या दाराची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि ती उगाच रूढ झालेली नाही. छोट्या कारखान्यात खरेदी मालकच पाहतो, माणसे तोच सांभाळतो आणि मशिनवर अडले तर शेवटचा शब्दही बहुधा त्याचाच असतो. नव्या जॉबचा पहिला नग निघाला आणि त्याचे माप मर्यादेच्या अगदी काठावर आले, तर मशिन लावून देणाऱ्या सेटरला तिथल्या तिथे होकार किंवा नकार हवा असतो. तो तासभर ताटकळला तर मशिनही तासभर उभे राहते. मुंबईला निघालेली गाडी कसारा घाटात बिघडली, तर ई-वे बिलाचे, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक परवान्याचे, घड्याळ आपल्या सोयीसाठी थांबत नाही. नेहमीच्या मालाला २०० किलोमीटरपर्यंत एका दिवसाची मुदत मिळते आणि ती वाढवायची झाल्यास मुदत संपण्याच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढीच संधी असते. अशा वेळी मालक सापडला पाहिजे, याविषयी दुमत नसावे.

याहून महत्त्वाची गोष्ट माणसांची आहे. मुलीच्या फीसाठी उचल मागायला आलेला ऑपरेटर ‘चार वाजता या’ असे ऐकून चार वाजता परत येईलच असे नाही. संकोची माणूस एकदा बंद दार पाहून मागे फिरतो, आणि त्याच्या मनात काय होते ते आपल्याला तो काम सोडताना कळते. उघड्या दाराच्या पद्धतीचा हा गुण मी फार मोठा मानतो, आणि ज्यांच्याकडे भरवशाचा सुपरवायझर नाही त्यांनी तूर्त हीच पद्धत चालू ठेवलेली बरी, असे मला वाटते.

तरीही माझ्यापुरता निर्णय एका त्रासाने झाला. तो त्रास कोटेशनचा, म्हणजे ग्राहकाला कामाचा दर काढून देण्याचा, होता, आणि तो जरा तपशिलाने सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो क्षुल्लक वाटतो.

२५ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी बारमधून ६० मिलिमीटर लांबीचा एक भाग काढायचा आहे, असे धरा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ या आपल्या नेहमीच्या हिशेबाने बारचे वजन मीटरला सुमारे ३.८६ किलो होते. पार्टिंगचे, म्हणजे नग बारपासून कापून वेगळा करताना जाणारे, ३ मिलिमीटर धरले तर एका नगाला साधारण २४३ ग्रॅम माल लागतो. मग चकमध्ये (बार पकडणाऱ्या जबड्यात) उरणारा बारचा शेवटचा तुकडा सगळ्या नगांवर वाटायचा, निघणाऱ्या स्क्रॅपची किंमत वजा करायची, सायकल टाइम (एका नगाला लागणारा मशिनचा वेळ) ठरवून मशिनच्या तासाच्या दराने गुणायचे, इन्सर्ट (हत्याराची कापणारी पाती) किती नगांनी बदलावी लागेल ते पाहायचे, प्लेटिंग, पॅकिंग, वाहतूक मिळवायची आणि शेवटी रिजेक्शनसाठी काही टक्के ठेवायचे. यांतली एकही पायरी अवघड नाही. मात्र मधल्या दोन-तीन पायऱ्या अंकगणिताच्या नसून अंदाजाच्या आहेत. ड्रॉइंगवरची टॉलरन्स (मापातील मान्य फरक) पाहून हा भाग एका सेटिंगमध्ये, म्हणजे मशिनवर एकदाच पकडून, होईल की दुसरे सेटिंग लागेल, शेवटचा कट किती हलका घ्यावा लागेल, हे मालक स्वतःशीच पारखत असतो.

नेमके त्याच वेळी दारातून आवाज येतो, “साहेब, दोन मिनिटं आहेत का?” येणारा माणूस खरोखर दोनच मिनिटे घेतो. त्याची चूक नसते आणि त्याचे कामही खोटे नसते. तो गेल्यावर कागदावर सायकल टाइमपुढे एक आकडा दिसतो, आणि तो एका सेटिंगचा आहे की दोन सेटिंगचा, शेवटचा तुकडा त्याच्या आधी धरला होता की धरायचा राहिला होता, हे काही केल्या आठवत नाही. एक्सेलमध्ये तक्ता बनवून ठेवला की हा प्रश्न सुटतो, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव असा की तक्ता आकडा लक्षात ठेवतो, त्यामागचा विचार लक्षात ठेवत नाही. मग एक तर ड्रॉइंगपासून पुन्हा सुरुवात करावी लागते, किंवा सुरक्षित म्हणून आकडा थोडा फुगवून पुढे जावे लागते. फुगवलेल्या दराने ऑर्डर दुसरीकडे जाते आणि राहून गेलेल्या खर्चाने मिळालेली ऑर्डर वर्षभर तोट्यात चालवावी लागते. सकाळी सुरू केलेले कोटेशन रात्री जेवणानंतर घरी पूर्ण करणे हा अनेकांचा नित्यक्रम असेल. माझाही तो होता, आणि थकलेल्या डोक्याने दिलेल्या दराचे समर्थन दुसऱ्या दिवशी खरेदी अधिकाऱ्यासमोर करता येत नाही, हे मला सर्वांत जास्त खुपत असे. तो नगामागे ५० पैसे कमी करा म्हणतो, तेव्हा आपल्या दरातले ते ५० पैसे नेमके कोणत्या पायरीवर बसले आहेत हे आपल्याला माहीत असावे लागते.

दार लावून, एका बैठकीत केलेल्या कोटेशनमध्ये ते माहीत असते. मी घड्याळ लावून दोन्ही पद्धती मोजलेल्या नाहीत, त्यामुळे किती टक्के वेळ वाचला असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. भावाच्या बोलणीत मात्र मला फरक स्पष्ट जाणवला, आणि रात्रीचे जेवण कुटुंबासोबत शांतपणे होऊ लागले.

दुसरा फरक वसुलीचा. दारावर येणारा प्रत्येक जण त्याचे काम घेऊन येतो, आणि आपले स्वतःचे येणे वसूल करण्याची आठवण द्यायला दारावर कोणी येत नाही. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पैसे चुकते करण्याची मुदत लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करार नसल्यास १५ दिवस आहे. प्राप्तिकर कायद्यातील बदलानंतर ही मुदत उलटल्यास खरेदीदाराला तो खर्च वजावटीत घेण्यासाठी प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत थांबावे लागते. उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या हातात हे चांगले साधन आहे, पण कोणत्या बिलाचा कितवा दिवस चालू आहे हे दर आठवड्याला स्वस्थपणे पाहिले तरच त्याचा उपयोग होतो. उघड्या दाराच्या काळात हे पाहणे नेहमी उद्यावर जात असे.

ठरलेल्या तारखांच्या बाबतीत दोन्ही पद्धतींत फारसे अंतर नाही. टीडीएसची ७, जीएसटीच्या मासिक विवरणांची ११ आणि २०, भविष्य निर्वाह निधी व ईएसआय (कामगार विमा) यांची १५ या तारखा कोणत्याही पद्धतीत पाळल्याच जातात, कारण हिशेब पाहणारे आपल्याला गाठतातच.

ठरलेल्या वेळेच्या पद्धतीचे तोटेही सांगितले पाहिजेत. सुरुवातीला जुने पुरवठादार दुखावतात, ‘शेठ हल्ली भेटत नाहीत’ असे कानावर येते, आणि घरातील वडीलधारे कारखान्यात येत असतील तर त्यांना हा प्रकार परकेपणाचा वाटू शकतो. नाशिकची वाहतूकही तिच्या विरुद्ध आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांची कामे निघालेली असताना नाशिकरोडहून द्वारकेमार्गे अंबडला येणारा माणूस सांगितलेल्या वेळेला पोहोचेलच याची खात्री नसते, आणि उशिरा पोहोचलेल्याला परत पाठवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय ही पद्धत फुकट मिळत नाही. सुपरवायझरला ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी, रजा आणि पहिल्या नगाची मंजुरी देण्याचा अधिकार द्यावा लागतो, आणि त्याने दिलेला निर्णय आपल्याला पटला नाही तरी चारचौघांत फिरवता येत नाही. ज्यांना हे जड जाते त्यांचे दार लावलेले असले तरी कान बाहेरच असतात, आणि मग दोन्हींपैकी कशाचाच लाभ होत नाही.

व्यवसायाच्या स्वरूपाचाही विचार करावा. मेनरोडवर दुकान असणाऱ्याला गल्ला सोडून आत बसता येणार नाही. द्राक्षांच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, पॅकहाऊस चालवणाऱ्याला तर रात्रीही दार लावता येत नाही. मात्र आपले ग्राहक-पुरवठादार अशी शिस्त मानणार नाहीत, ही भीती मला अतिरंजित वाटते. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाची वेळ ठरलेली असते आणि शेतकरी, व्यापारी, हमाल सगळे त्या वेळेच्या हिशेबाने येतात. वेळ दररोज तीच राहिली आणि त्या वेळेत मालक खरोखर भेटला, की लोक आपापली कामे त्याभोवती बसवून घेतात, असा माझा अनुभव आहे.

माझी सध्याची व्यवस्था अशी आहे. पाळी सुरू होताच मी प्रत्येक मशिनपाशी जातो आणि प्रत्येक ऑपरेटरशी दोन शब्द बोलतो. उचल, रजा, घरची अडचण हे विषय बहुधा तिथेच निघतात, त्यामुळे संकोची माणसाला केबिनच्या दारापर्यंत यावे लागत नाही; उघड्या दाराचा जो गुण मी वर मोठा मानला, तो बराचसा या फेरीत सांभाळला जातो. साडेदहा ते साडेबारा दार बंद आणि फोन ऑफिसमधील सहकाऱ्याकडे. या वेळात इजा, बंद पडलेले मशिन, वाटेत अडकलेली गाडी किंवा ग्राहकाची थांबलेली लाइन यांपैकी काही असेल तर न विचारता दार ढकलायचे, हे सर्वांना सांगून ठेवले आहे. दुपारी तीननंतर दार उघडे असते आणि येणाऱ्याला घाई करत नाही.

आपल्याकडे मशिनवरचा निर्णय घेणारा दुसरा माणूस तयार असेल आणि कोटेशन आपण स्वतः करत असाल, तर माझा कल ठरलेल्या वेळेकडे आहे. एकदम पूर्ण सकाळ बंद करण्यापेक्षा आधी एकच तास घ्यावा, तो कोटेशनलाच द्यावा, आणि महिनाअखेर असा काळ वगळून सुरुवात करावी, कारण पगाराच्या आणि डिस्पॅचच्या गर्दीत कोणतीही नवी शिस्त टिकत नाही. मुंबईहून सकाळी निघालेले पुरवठादार नाशिकला बहुधा जेवणाच्या सुमारास पोहोचतात, म्हणून भेटीचे तास दुपारनंतर ठेवले तर त्यांचीही गैरसोय होत नाही.