चार सेकंदांचा फोटो आणि तीन वर्षांची मीडिया लायबिलिटी पॉलिसी

आमचं चॅनल दोन माणसांचं आहे. संशोधन, लेखन आणि कॅमेऱ्यासमोर बोलणं माझ्याकडे, चित्रीकरण आणि एडिटिंग सहकाऱ्याकडे. औषधं, पूरक आहार, सौंदर्यप्रसाधनं यांच्या जाहिरातींतले दावे आम्ही तपासतो, म्हणजे कुणी ना कुणी चिडणार हे धंद्यातच आलं. मी वर्तमानपत्रात होते तेव्हा नोटीस आली की ती वकिलांच्या टेबलावर जायची आणि मी पुढच्या बातमीला लागायचे. आता पाठीशी तसं कुणी नाही, म्हणून ही मीडिया लायबिलिटी पॉलिसी घेतली, म्हणजे प्रकाशित केलेल्या मजकुरावरून बदनामी किंवा कॉपीराइटचा दावा आला तर वकिलाचा आणि भरपाईचा खर्च उचलणारा विमा. तिला तीन वर्षं झाली आणि मधे एक खरा क्लेमही होऊन गेला.

त्याआधी वर्षभर माझ्याकडे भलतीच पॉलिसी होती. साधी जनरल लायबिलिटी, म्हणजे कुठल्याही व्यवसायाचा सर्वसाधारण जबाबदारी विमा. एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं की बदनामी, कॉपीराइट, सगळं यात येतं. 'वैयक्तिक आणि जाहिरातविषयक हानी' असा एक भाग त्यात होता आणि त्यात बदनामीचा उल्लेखही होता. पण पुढे अपवादांच्या पानावर लिहिलं होतं की जाहिरात, प्रसारण किंवा प्रकाशन हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याला हा भाग लागू नाही. ती पॉलिसी वर्षातून चार जाहिराती करणाऱ्या दुकानदारासाठी ठीक आहे. आम्हाला ज्या धोक्यासाठी विमा हवा, नेमका तोच तिने बाहेर ठेवला होता. वर्षभर मी निर्धास्तपणे व्हिडिओ टाकत होते याचा मला आजही राग येतो. एजंटला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, एवढं बारीक कोण वाचतं?"

नवीन ब्रोकरने पहिलाच प्रश्न विचारला, "चॅनलवरचा सगळ्यात जुना व्हिडिओ कधीचा?" तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. या पॉलिसी बहुतेकदा 'क्लेम्स-मेड' प्रकारच्या असतात. दावा पॉलिसी चालू असताना यावा लागतो, आणि ज्या मजकुरावरून तो आला तो पॉलिसीत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरचा असावा लागतो. ही तारीख पॉलिसी सुरू झाल्याचीच असेल तर मागचं सगळं काम उघडं पडतं. ब्रोकरने भांडून ती चॅनलच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे नेली.

पुढे आला तो क्लेम पॉलिसीच्या चौदा महिने आधीच्या व्हिडिओवरूनच. सहाव्या मिनिटाला, जेमतेम चार सेकंद, बंद पडलेल्या औषध कारखान्याच्या आतला एक फोटो होता. फुकट फोटो देणाऱ्या साइटवरून घेतलेला. तिथे तो ज्याने चढवला होता, त्याचा तो नव्हताच. मूळ छायाचित्रकाराच्या वकिलाचा ईमेल मंगळवारी सकाळी आला. पैशांची मागणी आणि दहा दिवसांची मुदत. मी तासाभरात उत्तर पाठवलं : चूक झाली, क्षमस्व, लगेच काढते. माणूस म्हणून ते बरोबर होतं, पॉलिसीधारक म्हणून चूक. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, अशी स्पष्ट अट होती. दोन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं : आम्ही वकील देत आहोत, मात्र पुढे क्लेम नाकारण्याचा हक्क राखून. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! ब्रोकर म्हणाला की अशी पत्रं नेहमी येतात, पण त्या रात्री झोप लागली नाही.

वकील मात्र उत्तम मिळाल्या, आणि माझ्या मते या पॉलिसीची खरी किंमत तिथे वसूल होते. विम्याची रक्कम कितीही मोठी असली तरी कॉपीराइटचं काम रोज करणारा वकील तिसऱ्या दिवशी फोनवर असणं वेगळंच. त्यांनी आधी समोरच्याकडून मालकीचा पुरावा मागितला. तो पक्का निघाला. "मला माहीत नव्हतं" म्हटल्याने कॉपीराइटचं उल्लंघन पुसलं जात नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. पण सहकाऱ्याने डाउनलोड करताना त्या साइटच्या परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवला होता. त्यावरून निष्काळजीपणाचा मुद्दा बराच सौम्य झाला आणि मागणीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी रकमेत तडजोड झाली. डिडक्टिबल, म्हणजे दाव्यात पॉलिसीधारकाने स्वतः भरायची ठरलेली रक्कम, माझ्या खिशातून गेली, बाकी कंपनीने भरलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोमागे एक स्क्रीनशॉट आमच्या फोल्डरमध्ये असतोच.

बाजू बरोबर असली तरी वकिलाचा खर्च चुकत नाही. ईथन आणि हिला क्लाइन या यूट्यूबर जोडप्यावर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात कॉपीराइटचा दावा झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचा व्हिडिओ 'योग्य वापरात' (फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याने चालणारा वापर) बसतो असा निकाल लागला. ते जिंकले, पण वर्षाहून अधिक काळ लढले आणि त्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. प्रत्येकासाठी लोक उभे राहत नाहीत.

म्हणूनच माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. माझ्या पॉलिसीत बचावाचा खर्च विमा रकमेतूनच वजा होतो. खटला लांबला की नुकसानभरपाईसाठी उरणारा पैसा आटत जातो. खर्च वेगळा धरणारी पॉलिसी मिळते, प्रीमियम बराच जास्त आहे. पुढच्या वर्षी मी तीच घेणार आहे.

दुसरं कलम तडजोडीचं. कंपनी म्हणते मिटवा, तुम्ही नकार दिला, तर त्यापुढचा भार तुमच्यावर. याला हॅमर क्लॉज म्हणतात. फोटोच्या बाबतीत मिटवणं योग्यच होतं. पण एखाद्या पूरक आहाराच्या कंपनीने खऱ्या माहितीवरून बदनामीची नोटीस दिली, तर तडजोड म्हणजे बहुधा व्हिडिओ काढून टाकणं. ते मला मान्य होणार नाही. माझ्याकडे सौम्य केलेलं कलम आहे, नकारानंतरच्या खर्चाचाही मोठा हिस्सा कंपनी उचलते. पत्रकारिता करणाऱ्याने याशिवाय सही करू नये.

प्रकाशनाआधी सल्ला देणारी हेल्पलाइन पॉलिसीसोबतच येते. दोनदा वापरली. एकदा "ही कंपनी फसवते" हे वाक्य "या दाव्याला कंपनीने पुरावा दिला नाही" असं बदलायला सांगितलं. व्हिडिओ त्यामुळे जास्त ठाम झाला.

यूट्यूबच्या कॉपीराइट स्ट्राइकला, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून चॅनलला मिळणाऱ्या ताकिदीला, मात्र माझ्या पॉलिसीचा काही उपयोग नाही. तो व्यासपीठाचा स्वतःचा नियम, ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं, आणि त्यात बुडालेलं उत्पन्न हा विमा देत नाही. जाणूनबुजून खोटं बोललात तरी संरक्षण नाही, आणि ते योग्यच आहे. प्रायोजकाच्या करारात "सर्व नुकसान मी भरून देईन" असं लिहून दिलंत तर ते वचनही तुमचं एकट्याचं. गेल्या महिन्यात मी असा एक करार सहीशिवाय परत पाठवला.

यंदा रिन्यूअलच्या कागदांत एक नवी पुरवणी आली आहे : एआयने तयार केलेल्या मजकुरावरचे दावे बाहेर. आम्ही आवाज किंवा चित्रं एआयने बनवत नाही, पण उपशीर्षकांचा पहिला खर्डा एआयच्या साधनाने होतो. तेवढ्यावरून अख्खा व्हिडिओ बाहेर पडणार का, असं ब्रोकरमार्फत लेखी विचारलं आहे. कंपनीचं लेखी उत्तर आल्यावरच प्रीमियम भरेन.